ती घरीच होती : ८ मार्चची भाषणं ठरवणाऱ्या मैत्रिणींना खुलं पत्र

मैत्रिणींनो, सप्रेम नमस्कार.

पत्रिका मिळाली. ८ मार्च, सकाळी अकरा, विषय ‘९० लाख चेटकिणी : जाळून टाकलेला मातृदेवीचा धर्म’, आणि खाली वक्त्या म्हणून माझं नाव. शीर्षकाचा दोष तुमचा नाही. काही वर्षांपूर्वी याच शीर्षकाचं भाषण मी तुमच्या मंडळात ठोकलं होतं, टाळ्याही घेतल्या होत्या. कुणीतरी जुनी फाईल काढून तेच परत छापलेलं दिसतंय. एक फोन करून हे निस्तरता आलं असतं. पण ते भाषण मी तुमच्या एकट्यांकडे केलेलं नाही. कॉलेजांत, वाचनगटांत, एका दिवाळी अंकात, कुठे कुठे ते गेलंय याचा मलाही पत्ता नाही. गेल्या वर्षी व्हॉट्सॲपवर माझीच वाक्यं दुसऱ्याच कुणाच्या नावानं मला ‘नक्की वाचा’ म्हणून आली. म्हणून हे उघड लिहितेय. आणि तुमच्यासारखी जी मंडळं, संपादक, प्राध्यापिका मार्च जवळ आला की हा विषय काढतात, त्या सगळ्यांसाठी लिहितेय.

भाषण थोडक्यात असं होतं. ख्रिस्ती धर्म येण्याआधी युरोपात एक जुना धर्म होता, निसर्गाचा, सुफलनाचा. धर्मांतरानंतरही खेड्यापाड्यांतल्या बायकांनी तो छुपेपणानं शतकानुशतकं जपला. त्या रात्री रानात जमायच्या, नाचायच्या, औषधी मुळ्या ओळखायच्या, बाळंतपणं करायच्या. चर्चला हे खुपलं. त्यानं त्यांना चेटकिणी ठरवून ९० लाख जणींना जाळलं. इथे मी थांबायचे, पाणी प्यायचे, आणि सभागृह चिडीचूप व्हायचं.

एका तालुक्याच्या गावी अशीच चिडीचूप झाली असताना मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. नंदुरबारकडची, वसतिगृहात राहून शिकणारी. म्हणाली, “मॅडम, म्हणजे त्या खरंच रात्री जमायच्या?”

मी म्हटलं, “हो, तेच तर सांगतेय.”

ती जरा घुटमळली. मग म्हणाली, “आमच्याकडे एका बाईला डाकीण ठरवलं होतं. सगळे म्हणायचे, ती रात्री जाते, बाकीच्यांना भेटते. पण ती कुठे जायची नाही. ती घरीच होती.” आणि खाली बसली.

वेळ मारून नेण्याइतपत काहीतरी उत्तर मी दिलं. आभार झाले, चहा झाला, नारळ मिळाला. परतीच्या एसटीत मात्र ते तीन शब्द डोक्यातून जाईनात. मी बाईची बाजू घेतेय असं मला इतकी वर्षं वाटत होतं. आणि तिच्यावरचा आरोप मी शब्दशः कबूल करत होते. ती जमायची, नाचायची, शिंगवाल्या देवाला भजायची, हे सगळं फिर्यादीनं म्हटलं होतं आणि मी म्हणत होते, बरोबर आहे, फक्त ते वाईट नव्हतं. चितेवर चढवलेली बाई मात्र म्हणत होती, मी यातलं काहीच केलेलं नाही. तिच्याकडे ना न्यायाधीशानं पाहिलं, ना मी.

त्यानंतर मी ही कथा कुठून आली ते शोधायला बसले. सुरुवात होते ती कलकत्त्यात.

ही कथा ज्यांनी जगभर पोचवली त्या मार्गारेट मरे १८६३ साली कलकत्त्यात जन्मल्या. वडील व्यापारी, आई मिशनच्या कामात. विशीत तिथल्याच एका इस्पितळात परिचारिका म्हणून राबल्या. पुढे इंग्लंडमध्ये परिचारिका व्हायला गेल्या तर उंची कमी म्हणून नाकारल्या गेल्या. जेमतेम चार फूट दहा इंच. बहीण लग्न होऊन मद्रासला होती. मरे तिच्याकडे राहायला आलेल्या असताना बहिणीनं ‘टाइम्स’मध्ये एक सूचना वाचली, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्लिंडर्स पेट्री प्राचीन इजिप्तची लिपी शिकवणार आहेत. तिनं हिला अक्षरशः ढकललं. मरे १८९४ मध्ये त्या वर्गात जाऊन बसल्या आणि चारच वर्षांत तिथे शिकवू लागल्या. पुरातत्त्व शिकवण्यासाठी ब्रिटनमध्ये नेमलेल्या त्या पहिल्या बाई. अबायडॉसला उत्खनन केलं. १९०८ मध्ये मँचेस्टरला पाचएकशे लोकांच्या देखत ममीची वस्त्रं उलगडली. बायकांच्या मताधिकारासाठी मोर्च्यांत चालल्या. शंभर वर्षं जगल्या आणि त्या शंभराव्या वर्षी आत्मचरित्र छापलं. अशा बाईबद्दल वाकडं बोलताना जीभ अडखळते, हे आधीच कबूल करते.

पहिलं महायुद्ध पेटलं आणि इजिप्तला जाण्याची वाट बंद झाली. फ्रान्समध्ये जखमींची शुश्रूषा करायला गेल्या, आजारी पडल्या, विश्रांतीसाठी ग्लॅस्टनबरीला राहिल्या. दंतकथांनी भरलेलं गाव ते. तिथून त्या लोककथांकडे वळल्या आणि मग चेटकिणींच्या खटल्यांकडे. हाताशी होते ते मुख्यतः छापील खटले आणि त्या काळच्या पुस्तिका. १९२१ मध्ये ‘द विच-कल्ट इन वेस्टर्न युरोप’ आलं. म्हणणं असं की कबुलीजबाबांत सैतान म्हणून जो येतो तो खरं तर शिंगांचा मुखवटा घातलेला पुरोहित. बायका-पुरुष तेरा-तेराच्या टोळ्यांत संघटित होते, ठरल्या रात्री जमत. आणि हा सगळा एका जुन्या सुफलनधर्माचा अवशेष होता.

मरेंच्या आधीही अशी मतं मांडणारे होते. जर्मनीत दोघांनी, फ्रान्समध्ये मिशले या इतिहासकारानं १८६२ मध्ये. पण ती विद्वानांची आणि कवींची कल्पना होती. मरेंनी तिला अवतरणं, तळटीपा, टोळ्यांच्या याद्या असं उत्खननाच्या अहवालासारखं रूप दिलं. आणखी एक गोष्ट त्यांनी केली, आणि तीच आमच्या पिढीच्या बायकांना भिडली. त्यांच्या आधीचे विद्वान एक तर म्हणत हे सैतानाचं काम, नाही तर म्हणत या बायकांचं डोकं फिरलेलं. मरे म्हणाल्या, या बायका काहीतरी सांगताहेत, ते ऐका. बाईच्या शब्दाला किंमत देणारी बाई. मला तरी आणखी काय हवं होतं?

फक्त ते शब्द कसे निघाले हे विचारायचं राहिलं. स्कॉटलंडमध्ये संशयित बाईला रात्रंदिवस झोपू देत नसत. तीन-चार दिवसांनी माणूस जागेपणी स्वप्नं बघायला लागतं, आणि समोर कागद घेऊन बसलेला पाद्री विचारतो, सैतान कुठल्या रूपात आला? किती जणी होत्या? कोण कोण होत्या? युरोपच्या मुख्य भूमीवर तर सरळ शिकंजे होते. प्रश्नांचा साचा पुस्तकातून आलेला, त्यामुळे उत्तरंही शंभर कोसांवर सारखीच. मरेंनी तो सारखेपणा एका धर्माचा पुरावा धरला. तो एका प्रश्नावलीचा पुरावा होता.

तरीही हे मतभेदाचं प्रकरण म्हणून सोडून दिलं असतं. मधमाश्यांचं सोडता येत नाही.

स्कॉटलंडमधलं फोरफर गाव, १६६१. हेलन गथ्री नावाच्या बाईची जबानी. मरे ती मेजवानीच्या वर्णनासाठी देतात : सगळ्या जणी मेरी रिंडच्या घरी गेल्या, टेबलाभोवती बसल्या, सैतान मुख्य जागी बसला, काही जणी जॉन बेनी नावाच्या कलालाकडे जाऊन बिअर घेऊन आल्या, मौज केली. वाचताना वाटतं, आपल्याकडच्या एखाद्या भोंडल्याचं वर्णन. अगदी माणसातलं. मधे टिंबं आहेत, तिथे काहीतरी गाळलंय. नॉर्मन कोहन या इतिहासकारानं १९७५ मध्ये मूळ कागद काढून बघितले. टिंबांच्या जागी असं होतं की त्या बायका एका लहानशा भोकातून मधमाश्यांसारख्या आत शिरल्या आणि बिअरचा अर्क तेवढा घेऊन आल्या.

पुन्हा वाचा. मधमाश्यांसारख्या, भोकातून. हे वाक्य ठेवलं असतं तर वाचकाला लगेच कळलं असतं की ही भाजीबाजाराला जाऊन आल्याची हकिगत नव्हे, हे स्वप्न आहे, नाही तर ग्लानी, नाही तर गावातली जुनी गोष्ट त्या बाईच्या तोंडी आलीय. वाक्य काढलं आणि स्वप्नाचा इतिहास झाला. असं एकदाच झालं असतं तर नजरचूक म्हटलं असतं. कोहननं अशी उदाहरणं एकामागून एक दाखवली आहेत : हवेतून उडणं, सशाचं रूप घेणं, मेलेलं जिवंत होणं, जे जे अशक्य ते ते टिंबांत गेलं. तेराचा आकडाही असाच. तो खरा येतो इझबेल गाउडी नावाच्या आरोपी बाईच्या जबानीत, १६६२, स्कॉटलंडमधलंच ओल्डर्न गाव. बाकी ठिकाणी नावं अशी जुळवली आहेत की तेरा भरावीत.

मी स्वतः मरेंचं पुस्तक वाचलं होतं, टिंबांवरून डोळे फिरवून पुढे गेले होते. टिंबांत काय असेल हे बघावं असं एकदाही वाटलं नाही. शाळेत पोरांना ‘गाळलेल्या जागा भरा’ देण्यात माझी नोकरी गेली, हे इथे सांगायलाच हवं.

तुम्ही म्हणाल, इतकं उघड होतं तर तेव्हाच कुणी कसं बोललं नाही. बोलले. १९२२ मध्येच हॅलिडे आणि बर या दोघा अभ्यासकांनी परीक्षणांत पुस्तक फाडलं होतं. लेस्ट्रेंज युएन नावाचा माणूस इंग्लंडच्या कोर्टांचे जुने कागद चाळत बसला होता, त्यानं तिसाव्या दशकात मरेंची यादी खोटी पाडली. पण परीक्षणं कोण वाचतो? १९२९ मध्ये ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’नं चेटूक या विषयावरची नोंद लिहायला मरेंनाच सांगितलं. त्यांनी आपलं मत हे आपलं मत आहे असं न म्हणता सरळ वस्तुस्थिती म्हणून लिहून दिलं, आणि ती नोंद १९६९ पर्यंत छापली गेली. चाळीस वर्षं. तेवढ्या काळात कादंबरीकार, पत्रकार, सिनेमावाले, ज्यांनी ज्यांनी म्हणून ‘जरा बघू, चेटकीण म्हणजे काय’ म्हणत खंड उघडला, त्यांना मरेच भेटल्या.

जॅकलिन सिम्पसन या लोकसाहित्याच्या अभ्यासक. १९९४ मध्ये त्यांनी ‘फोकलोर’ या त्यांच्या संस्थेच्याच नियतकालिकात विचारलं की मरेंवर विश्वास ठेवला कुणी आणि का? त्यांचं उत्तर झोंबणारं आहे. जाणकारांपैकी फारसा कुणी विश्वास ठेवला नव्हता. पण त्या सुरुवातीच्या परीक्षणांनंतर त्यांनी ते जाहीर खोडूनही काढलं नाही. आदरणीय बाई, वयोवृद्ध, १९५३ ते ५५ संस्थेच्या अध्यक्षा, कशाला दुखवा. लेख आले नाहीत, वाद झाले नाहीत, आणि बाहेरच्या जगाला वाटत राहिलं की तज्ज्ञांना हे मान्य आहे. १९५४ मध्ये जेरल्ड गार्डनरनं ‘हा धर्म आजही जिवंत आहे, मी त्यात आहे’ असं सांगणारं पुस्तक लिहिलं तेव्हा प्रस्तावना नव्वदीच्या मरेंची होती. त्याच वर्षी त्यांचं स्वतःचं पुस्तक आलं, त्यात इंग्लंडचे राजे गुप्तपणे बळी दिले जात होते असं म्हटलंय. तोवर तर कुणाला हरकत घ्यायचीही गरज वाटली नाही.

हे वाचून मला आपल्याच सत्काराच्या सभा आठवल्या. ‘ताईंचं वय झालंय, राहू दे.’

आता आपल्याला हे इतकं पटकन का पटतं, त्याबद्दल. आपल्या गावात वेशीवर म्हसोबा आहे, शेंदूर फासलेला. पाचवीला सटवाई येते. इतिहासकार दामोदर कोसंबी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवत तांदळ्यांच्या रूपातल्या आया शोधत हिंडले आणि मोठ्या देवांच्या खाली लहान देव, लहानांच्या खाली आणखी जुने कसे दबून जिवंत आहेत ते त्यांनी दाखवलं. लोकसंस्कृतीचे अभ्यासक रा. चिं. ढेऱ्यांनी पुढे तेच केलं. हे वाचून वाढलेल्या माणसाला, जुना धर्म नव्याच्या पोटात शेकडो वर्षं राहिला, हे ऐकून नवल वाटत नाही. उलट तो म्हणतो, असणारच. पण आपल्याकडे देऊळ आहे, दगड आहे, जत्रा आहे, नवस आहे, पुजारी गुरव आहे. विचारायला गेलं तर माणसं तोंडानं सांगतात. ओल्डर्न किंवा फोरफरच्या बायकांचा बाप्तिस्मा झालेला होता, त्या रविवारी चर्चला जात, मंत्र म्हणायच्या तर त्यात येशूचं नि मेरीचं नाव असायचं. जुन्या चालीरीती, जत्रा, विहिरींना चिंध्या बांधणं असलं सगळं तिथेही होतं. छुपा संघटित धर्म मात्र कुणाच्या हाती लागलेला नाही. कोसंबींची पद्धत न वापरता मी त्यांचा निष्कर्ष उचलून स्कॉटलंडला चिकटवला होता.

९० लाखांचं तर आणखी गमतीचं आहे. जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावच्या फोइग्ट नावाच्या गृहस्थांनी १७८४ मध्ये आपल्या गावच्या दप्तरातले थोडके खटले मोजले, त्यावरून शतकाला इतके असा दर काढला, तो सगळ्या युरोपच्या लोकसंख्येला आणि अकरा शतकांना लावला, आणि उत्तर काढलं ९४,४२,९९४. शेवटच्या चारांपर्यंत! त्रैराशिक असं सुटलं की सुटलंच. अमेरिकेत मताधिकाराच्या चळवळीतल्या मोठ्या कार्यकर्त्या मटिल्डा जोस्लिन गेज यांनी १८९३ च्या पुस्तकात ९० लाख घेतले आणि तिथून ते आमच्यापर्यंत पोचले. पण मधे एक मुक्काम आहे तो मी भाषणात कधी सांगितला नाही, कारण मला माहीतच नव्हता. हाच आकडा १९३४ मध्ये माटिल्ड लुडेनडॉर्फ या जर्मन राष्ट्रवादी बाईंनी ‘ख्रिस्ती क्रौर्य आणि जर्मन स्त्रिया’ अशा अर्थाच्या पुस्तिकेत वापरला. नाझी नेता हिमलरनं तर त्याच्या एसएस संघटनेत एक खास पथक बसवून चेटकिणींच्या खटल्यांची ३३ हजारांहून जास्त कार्डं भरून घेतली. जुना जर्मन धर्म, त्याच्या रक्षक जर्मन बायका, आणि त्यांना मारणारं परकं चर्च, अशी कथा त्यांना हवी होती. माझ्या भाषणात ‘जर्मन’ हा शब्द नव्हता, एवढाच फरक.

आज अभ्यासक ज्या आकड्याशी थांबतात तो ४० ते ६० हजार. त्यात चारातल्या तीन किंवा थोड्या अधिक बायका. आइसलँड, नॉर्मंडी, एस्टोनिया इथे उलट पुरुषच जास्त. कुणी म्हणेल, मग काय, पन्नास हजार कमी आहेत का? नाहीतच. मी तेच म्हणते. पन्नास हजार माणसं मारली हे सांगून सभागृह गप्प होत नसेल तर दोष आकड्यात नाही.

आणि खरी गोष्ट भाषणातल्या गोष्टीपेक्षा जास्त बोचते. ती ज्यांनी काढली त्यात बायका पुढे आहेत, म्हणून त्यांची नावं तरी तुमच्या पत्रिकेत यायला हवीत. क्रिस्टिना लार्नर यांनी स्कॉटलंडचे खटले घेतले. १९८१ चं त्यांचं पुस्तक. ही निव्वळ बायकांची शिकार होती का, असा प्रश्न त्यांना सारखा विचारला जायचा. त्यांनी उत्तर दिलं, बाईपणाशी याचा संबंध आहे, पण केवळ बाई म्हणून कुणाला पकडलेलं नाही. नवं राज्य, नवं चर्च, दोघांनाही गावागावात आपला धाक बसवायचा होता. आणि सापडायची कोण? बहुधा मध्यमवयीन गरीब शेतकऱ्याची बायको, तोंडाची फटकळ, शेजाऱ्याशी भांडली की मागे न हटणारी. पुढे एडिंबरा विद्यापीठातल्या गटानं स्कॉटलंडमधल्या आरोपींची नावं एकत्र केली, ती ३,८३७ भरली. त्यांतल्या दर शंभरांत चौऱ्याऐंशीच्या आसपास बायका.

लिंडल रोपर यांनी जर्मनीतल्या आउग्सबुर्गचे कागद वाचले. तिथली आना एबेलर, १६६९, वय ६७. तिचं काम बाळंतिणींची सेवा. घरोघरी जायचं, सव्वा महिना राहायचं, आईला खाऊपिऊ घालायचं, बाळ न्हाऊमाखू घालायचं. एक बाळंतीण दगावली, तर हिनं पाजलेल्या सुपानं गेली असं ठरलं. मग जुन्या जुन्या बाळंतिणी पुढे आल्या : माझं बाळ अंगावर ओढेना, माझं बाळ सुकलं, माझं दूध आटलं, ही होती घरात. तिला मारलं. या खटल्यात आरोप करणाऱ्या बायका आहेत. घाबरलेल्या, ओल्या बाळंतिणी, रात्रभर रडणारं मूल मांडीवर घेतलेल्या. पाचवी पुजून दाराशी विळा ठेवणाऱ्या आपल्या आज्यांना ही भीती समजली असती. पुरुष इथे न्यायाधीश आहेत, जल्लाद आहेत, छळ त्यांच्या हुकमानं झाला. पण फिर्याद स्वयंपाकघरातून आली. हे ८ मार्चच्या मंचावरून बोलायला मला तरी जड जातं. म्हणूनच पुजारिणी नि पुरोहित ही गोष्ट आपल्याला सोयीची होती. सुईणींनाच वेचून मारलं हेही १९७३ च्या एका अमेरिकन पुस्तिकेपासून आपण म्हणत आलो. इंग्लंडच्या कागदांत सुईण आरोपीच्या पिंजऱ्यापेक्षा आरोपीचं अंग तपासायला बोलावलेली जास्त वेळा दिसते.

म्हणजे जुनं काहीच नव्हतं का? होतं, आणि त्याबद्दल बोलायला मला मनापासून आवडेल. इटलीच्या ईशान्येला फ्रिउली भागात १५७५ पासूनच्या चौकशांत अशी माणसं सापडतात जी म्हणत, आम्ही डोक्यावर गर्भवेष्टनाचा पडदा घेऊन जन्मलो, वर्षातून चार वेळा गुरुवारी रात्री आमचा जीव देह सोडून जातो आणि पिकं वाचवण्यासाठी चेटक्यांशी लढतो. आमच्या हातात बडीशेपेचे दांडे, त्यांच्या हातात ज्वारीची ताटं. आम्ही जिंकलो तर साल चांगलं. ज्वारीची ताटं वाचून मी पुस्तक खालीच ठेवलं. कार्लो गिन्झबुर्ग या इतिहासकारानं १९६६ मध्ये हे उजेडात आणलं आणि मरेंच्या म्हणण्यात सत्याचा एक कण होता असंही तो म्हणाला. पण पुढचं नीट वाचायला हवं. ती माणसं कुठे जमत नव्हती. देह घरात, अंथरुणावर. जे घडायचं ते झोपेत. चौकशी अधिकारी पन्नास-साठ वर्षं तेच तेच प्रश्न विचारत राहिले, तेव्हा त्याच परंपरेतली माणसं कबूल करू लागली की होय, आम्ही सैतानाच्या सभेला जातो. पिकांचे राखणदार डोळ्यांदेखत चेटके झाले, आणि ते कागदावर सालवार दिसतं.

त्याआधी मिलानमध्ये सिबिला आणि पिएरिना या दोघी सांगत होत्या की आम्ही एका ओरिएंते नावाच्या बाईसाहेबांच्या मेळ्याला जातो, तिथे बैल मारून खातात आणि मग बाई त्याची हाडं कातड्यात भरून त्याला परत उठवते. पहिल्यांदा, १३८४ मध्ये, त्यांना प्रायश्चित्त देऊन सोडलं. १३९० मध्ये मारलं. हंगेरीच्या एव्हा पोच यांनी मध्य युरोपातल्या अशा जाणत्यांवर, मृतांशी बोलणाऱ्यांवर आयुष्य घातलं. एमा विल्बी यांनी इझबेल गाउडीचे हरवलेले समजले गेलेले मूळ कबुलीजबाब शोधून काढले आणि टिंबांशिवाय वाचले : ससा होऊन पळणं, डोंगराच्या पोटात पऱ्यांच्या राणीकडे जेवणं, सगळं. मरेंनी जे लाज वाटून गाळलं त्यातच या बायकांचं मन होतं. छुप्या धर्मापेक्षा मला ते कितीतरी मोठं वाटतं. विल्बी यांची सगळीच अनुमानं मला पटत नाहीत, ते प्रत्यक्ष भेटीत बोलू.

एक गोष्ट खास तुमच्यासाठी. मरेंच्या सिद्धांतावर ज्यांचा अख्खा आधुनिक धर्म उभा राहिला, त्या पेगन, म्हणजे ख्रिस्तपूर्व देवतांना नव्यानं भजणाऱ्या, मंडळींतही हे मोकळेपणानं बोललं गेलंय. मार्गो ॲडलर यांनी १९७९ मध्येच आपल्या लोकांबद्दल लिहिताना म्हटलं होतं की हा इतिहास अक्षरशः धरू नका. जेनी गिबन्स या स्वतः पेगन. १९९८ मध्ये त्यांनी आपल्याच बांधवांना सांगितलं की कोर्टाचे कागद उघडले गेलेत, जुने आकडे सोडा. त्यांची श्रद्धा त्यानं बुडाली नाही. आपली तर श्रद्धाही यात गुंतलेली नाही, फक्त भाषण गुंतलंय.

शेवटी पुन्हा त्या मुलीकडे येते. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, त्यासाठी दाभोलकरांनी अठरा वर्षं खस्ता खाल्ल्या आणि त्यांच्या खुनानंतर तो आला. सातपुड्याच्या पाड्यांवर आजही एखादीला डाकीण ठरवतात, तेव्हा तिच्या बाजूनं उभा राहणारा कार्यकर्ता, पोलीस पाटील, वकील एकच गोष्ट शाबीत करायला बघतो : ही तसली नाही, हिनं काही केलेलं नाही. त्याच आठवड्यात शहरातल्या मंचावरून आपण म्हणतो, चेटकिणी खऱ्याच होत्या, थोर होत्या, आम्ही त्यांच्या नाती! टी-शर्टवर ते छान दिसतं. १६१० च्या सुमारास स्पेनच्या बास्क भागात सालाझार नावाच्या चौकशी अधिकाऱ्यानं सुमारे अठराशे जणांच्या कबुल्या तपासल्या. मुलं म्हणाली, सेंट जॉनच्या सणाच्या आदल्या रात्री अमुक जागी सभा भरली होती. सालाझारचे कारकून नेमके त्याच रात्री त्याच जागी होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. त्यानं वरिष्ठांना लिहिलं की लोक चेटकिणींबद्दल बोलायला-लिहायला लागेपर्यंत इथे ना चेटकिणी होत्या ना पछाडलेले. चर्चच्याच चौकशी खात्यातला माणूस हे लिहून गेला, आणि चारशे वर्षांनी मी माइकवरून त्या सभा भरवत होते.

तर, ८ तारखेला मी येते. सकाळच्या पहिल्या गाडीनं, साडेदहापर्यंत पोचेन. पत्रिका वाटून झाल्या असतील तर असू देत, पण दाराशी लागणाऱ्या फलकावर ‘९० लाख’ आणि ‘मातृदेवीचा धर्म’ यांवर कागद चिकटवा आणि मोठ्या अक्षरांत लिहा : ‘आना एबेलर, वय ६७’. प्रोजेक्टर असेल तर फोरफरची ती जबानी दोन्ही तऱ्हांनी दाखवायची आहे, आधी टिंबांची, मग मधमाश्यांची. नसला तर खडू-फळा चालेल. आणि नारळ-शाल नको. त्या पैशात वसतिगृहातल्या मुलींना आणायची सोय झाली तर बघा. त्यांना मागे बसवू नका.

तुमची,
जुन्या भाषणाची वक्ती